कार्डाला लावलेलं कुंकू

देवदत्तला छंद लागत नाहीत, होतात. सर्दी व्हावी तसे. आधी दुर्बीण झाली. ती आता त्याच्या गॅरेजमध्ये बर्फ ओढायच्या फावड्यांशेजारी मान टाकून उभी आहे. मग वाइन झाली. तेव्हा त्याच्याकडे जेवायला गेलं की वरणभातासोबत कोणती वाइन जाते यावर व्याख्यान ऐकावं लागे, आणि वरण गार होई. दोन हजार सहा साली त्याला बेसबॉलची जुनी कार्डं झाली.

ही कार्डं म्हणजे काय ते सांगते. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या सिगारेट कंपन्या पाकिटात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. पुढच्या बाजूला बेसबॉलच्या खेळाडूचं रंगीत चित्र, मागच्या बाजूला सिगारेटची जाहिरात. बाप सिगारेट ओढत, पोरं कार्डं गोळा करत. आता बापच गोळा करतात. देवदत्तने आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही, पण त्याने ऑनलाइन लिलावात एक कार्ड घेतलं. विकणाऱ्याला ते म्हणे आजोबांच्या माळ्यावर सापडलं होतं. त्याची किंमत मी सांगत नाही. देवदत्तने ती कोलंबस शहराजवळच्या आमच्या डब्लिन गावात पुरेशा वेळा सांगितली आहे.

मी मुलाकडे, शंतनूकडे, राहते. देवदत्तचं घर आमच्या मागच्याच रस्त्यावर. शाळेत शिकवण्याची सवय सुटत नाही, म्हणून शनिवारी सकाळी आमच्या बेसमेंटमध्ये दहाबारा मुलं मराठी शिकायला जमतात. मुलांवर माझा कधी राग निघत नाही. 'ळ' म्हणायला एखाद्याला वर्ष लागलं तरी मला घाई नसते. सगळी घाई त्यांच्या आईबापांना. 'काकू, दिवाळीपर्यंत फ्लुएंट होईल ना?' असं विचारतात, पोहण्याच्या क्लासला विचारावं तसं.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या मुलांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं ठरलं होतं. विषय मी दिला: ज्याने काहीतरी शोधून काढलं, असा माणूस. कुणी विजेचा दिवा घेतला, कुणी लस घेतली. देवदत्तची मुलगी नेत्रा, दहा वर्षांची, हात वर करून म्हणाली, "आजी, माझ्या माणसांची नावं मला अजून माहीत नाहीत. चालेल?"

"कोणती माणसं?"

"बाबाच्या कार्डाच्या सेटमध्ये किती कार्डं आहेत ते सगळ्यांना माहितीय. पण कंपनीने कधीच सांगितलं नव्हतं. देन हू फाउंड आउट? मी बाबाला विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नेटवर असतं."

हे वाक्य मी त्या वर्षी शेकड्याने ऐकलं. बटाटे दुकानात असतात, पाणी नळाला असतं, माहिती नेटवर असते. बटाटे कुणीतरी लावतो हे निदान कबूल तरी करतात. पोरीचा प्रश्न मला फार आवडला. मी म्हटलं, "चालेल. नावं शोधूनच आण. तोच तुझा विषय."

ती आणि मी गावातल्या लायब्ररीत गेलो. तिथल्या बाईंनी आम्हाला एक जुनी पत्रिका काढून दिली, टाइप करून झेरॉक्स काढलेली, कोपऱ्यात पिन मारलेली. कार्डांचा अभ्यास करणारी चारपाच माणसं ती आपापसात काढत. त्यातलं एक नाव कोलंबसचंच निघालं: वर्ना वायगंट. विद्यापीठाच्या लायब्ररीत नकाशांचा विभाग सांभाळून निवृत्त झालेल्या. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन आहे, तिथे त्या असतात.

देवदत्तने आम्हाला गाडीने नेलं. त्याला जायचंच होतं. वाटेत तो मला समजावत होता.

"काकू, हा अ‍ॅसेट क्लास आहे. शेअर मार्केट खाली गेलं तरी हे वर जातं."

"खेळाडू कोण आहे रे तुझ्या कार्डावर?"

"पिचर आहे, म्हणजे बोलर. आय थिंक पिचर."

"कॅचर," मागच्या सीटवरून नेत्रा म्हणाली. "बाबा, त्याच्या हातात केवढा ग्लोव्ह आहे."

हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक टेबलामागे एक पोट. विकणारे आणि घेणारे दोघेही कार्डाकडे कमी आणि एकमेकांच्या तोंडाकडे जास्त बघत होते. सगळ्यात शेवटी, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी, वायगंट बाईंचं टेबल होतं. त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं. उंच, काटक बाई, पांढरे केस मुलासारखे कापलेले. आमच्या पुढच्या एकाने त्यांच्यासमोर कार्ड धरून किती मिळतील विचारलं.

"भाव मागच्या टेबलांवर," त्या म्हणाल्या. "इथे फक्त खरं-खोटं सांगते. ते फुकट आहे, म्हणून गर्दी नसते."

मला बाई एकदम पटल्या.

नेत्राने आपला प्रश्न विचारला. वायगंट बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बैस. कंपनीचे कागद नाहीत. छापखाना गेला. ज्यांवर कार्डं एकत्र छापून मग कापली, ते मोठे तावही कुणी ठेवले नाहीत. उरली ती फक्त सुटी कार्डं, देशभर विखुरलेली. आता सांग, कोणतं कार्ड कुणाच्या शेजारी छापलं होतं हे कसं कळेल?"

नेत्राने विचार केला. तिला विचार करू देणारा मोठा माणूस भेटला की ती खुलते. बाई थांबल्या. मीही थांबले. मागे कुणीतरी टाळी देऊन सौदा पुरा केला.

"जर कापताना चुकलं," नेत्रा हळूच म्हणाली, "तर शेजारच्याचा तुकडा येईल?"

बाईंनी एक कार्ड पुढे सरकवलं. त्याच्या डाव्या कडेला केसाएवढी निळी पट्टी होती. "सुरी सरकली की शेजाऱ्याचं आकाश याच्यावर येतं. लोक असली कार्डं खराब म्हणून टाकून देत. आम्ही तीच मागून घेतली. या आकाशाचा निळा कुणाचा, त्या बाहीचा तांबडा कुणाचा, असं करत करत तावाचा एकेक कोपरा जुळवला, आणि मग सेटमधली कार्डं मोजली."

"म्हणजे वर्गात कोण कुणाच्या शेजारी बसायचं तसं."

"अगदी तसंच. शाळा राहिली नाही, बाकं राहिली नाहीत. फक्त एकाच्या शर्टावर शेजाऱ्याच्या शाईचा डाग आहे."

"आणि हे सगळं तुम्ही केलं?"

"छे. मला श्रेय देऊन मोकळी होऊ नकोस," बाई जरा रागानेच म्हणाल्या. "ल्योना प्रुएटने जुनी वर्तमानपत्रं वाचली, डोळे जाईपर्यंत. कुठल्या गावात कोणती सिगारेट कधी विकायला आली ते तिने शोधलं, म्हणून कार्डांची सालं कळली. स्टिबिन्स म्हणून एक दाताचे डॉक्टर होते. ते जिवंत असलेल्या म्हाताऱ्या खेळाडूंना जाऊन भेटले, चित्रातला माणूस तूच का म्हणून विचारायला. दोन खेळाडू निघाले भलतेच. आता ल्योना आणि स्टिबिन्स दोघंही नाहीत. त्यांनी लिहिलेलं सगळं मात्र सगळीकडे आहे, खाली नाव नसलेलं."

मग त्यांनी तिला भिंग दिलं आणि खरं कार्ड कसं ओळखायचं ते शिकवलं. जुन्या छपाईत चित्राखालचं खेळाडूचं नाव सलग शाईचं असतं. आजच्या नकलेत ते नावसुद्धा बारीक ठिपक्यांच्या रांगांनी बनलेलं असतं. शिवाय जुना पुठ्ठा उघडा असतो, त्यावर तकाकी नसते. थेंब पडला की पिऊन टाकतो. "पण पाण्याने कधी तपासायचं नाही," त्या म्हणाल्या. "खरं असलं तर तू त्याला मारलंस. म्हणून भिंग."

देवदत्त मधेच येऊन मागे थांबला होता. त्याने सगळं उभ्याउभ्या ऐकलं आणि मराठीत मला म्हणाला, "काकू, आयुष्यभर कार्डांच्या कडा बघत बसल्या या? यार, काहीतरी लाइफ पाहिजे माणसाला."

"काय म्हणतात ते?" वायगंट बाईंनी विचारलं.

नेत्राने बापाकडे एकदा पाहिलं. "ही इज इंप्रेस्ड," ती म्हणाली.

बाईंच्या तोंडावरून त्यांना सगळं कळलेलं दिसलं. "तुमच्याकडे आहे का एखादं?"

देवदत्तने खिशातून आपल्या कार्डाचा फोटो काढला, स्थळाला मुलीचा दाखवावा तसा. बाईंनी तो हातातही घेतला नाही. "फोटोवरून मी बोलत नाही. कार्ड घेऊन या."

"नो नो, आय हॅव चेक्ड एव्हरीथिंग. ऑनलाइन."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. भिंग त्यांनी नेत्राच्या हातातच राहू दिलं. "हे उसनं. तुझं भाषण झालं की परत आण, आणि लोक काय म्हणाले ते सांग."

परत येताना नेत्रा गाडीत बडबडत होती. ल्योना प्रुएटबद्दलचं वाक्य मराठीत कसं म्हणायचं ते मला विचारत होती. गाडी पार्किंगमधून बाहेर पडली तसा देवदत्त म्हणाला,

"नेत्रा, ऐक ना. आपण थोडं चेंज करू. ही जुनी माणसं वगैरे बोअर होईल. मी स्लाइड शो बनवतो. तू स्टेजवर कार्ड धरायचं, मी एक्स्प्लेन करीन. व्हॅल्यू कशी वाढत गेली त्याचा ग्राफ आहे माझ्याकडे."

"बट दॅट्स माय फाइव्ह मिनिट्स."

"अगं, आपलीच ना."

देवदत्त त्या वर्षी मंडळाचा सांस्कृतिक सचिव होता. घरी पोचायच्या आत त्याने फोनवरून कार्यक्रमपत्रिका बदललीही. नेत्राच्या नावापुढचा विषय गेला आणि 'विंटेज इन्व्हेस्टिंग: एक ओळख' असं आलं. संस्कृतीला असे सचिव मिळाले की तिला वेगळे शत्रू लागत नाहीत.

शनिवारी क्लासला नेत्रा आली ती पाटी कोरी घेऊन. "आजी, माझे तीन माणसं कॅन्सल झाले," ती म्हणाली. रडली नाही. मी तिला म्हटलं, "'माझी' तीन माणसं. आणि ती कॅन्सल होत नाहीत. तू भाषण लिही. पाठ कर. बोलायला जागा मिळेल की नाही ते नंतर बघू." खरं तर मला तेव्हा काही मार्ग दिसत नव्हता. मी देवदत्तशी एकदा बोलून पाहिलं होतं. तो म्हणाला, "काकू, ऑडियन्सला काय पाहिजे ते बघावं लागतं." ऑडियन्सला जेवण पाहिजे असतं, हे मला त्याच्या आधीपासून माहीत आहे.

लक्ष्मीपूजनाला त्यांच्याकडे सगळ्यांना बोलावलं होतं. चौरंगावर दागिने, नवा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मधोमध, चांदीच्या तबकात, ते कार्ड. देवदत्त पाहुण्यांना एकेक करून तबकापाशी नेत होता. लक्ष्मीकडे पाठ झाली तरी चालत होतं.

पूजा त्याची बायको रेणू करत होती. दागिन्यांना हळदकुंकू झालं, लॅपटॉपला झालं, किल्लीला झालं. कार्डापाशी ती थांबली. ते प्लास्टिकच्या पाकिटात होतं. प्लास्टिकला कुंकू लावून पूजा कशी होणार? आमच्या बायकांना हा प्रश्न पडतो, आणि त्यात चूक काही नाही. नव्या वस्तूला कुंकू लागल्याशिवाय ती घरची होत नाही. तिने पाकिटातून कार्ड बाहेर काढलं, पळीतल्या पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि कॅचरच्या टोपीच्या बरोब्बर खाली, कपाळावर, ठसठशीत टिळा लावला.

"रेणू," देवदत्त म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं नेत्राच बोलली.

"काय झालं?"

"अगं, ते एकोणीसशे दहाचं आहे. तू त्याला ओलं कुंकू लावलंस?"

"मग काय कोरडं लावू? टिकत नाही ते."

पाहुणे तबकाभोवती जमले. कुणीतरी टिश्यू आणला. देवदत्तने श्वास रोखून, एका टोकाने, टिळा टिपला. आणि टिळा निघाला. सगळा. लाल खूणसुद्धा उरली नाही. कॅचरचं कपाळ आधीसारखं गोरं.

देवदत्त हसायलाच लागला. "बघा, काही झालं नाही. लक इज विथ मी. लक्ष्मीच प्रसन्न झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंतनूनेही वाजवल्या. माझ्याच मुलाला हे कळू नये याचं मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेलं कुंकू या सगळ्यांनी आपापल्या घरी पाहिलेलं आहे. पत्रिका पिवळी पडते, लग्न झालेले म्हातारे होतात, कुंकवाचं बोट जात नाही. हे तर त्याहून उघडं, तहानलेलं, जुनं पुठ्ठ्याचं कार्ड. आणि त्यावरून ओलं कुंकू काचेवरून पुसावं तसं निघालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन पीएचडी होते.

टाळी वाजवत नव्हती ती फक्त नेत्रा. तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात पोराला उत्तर सापडलेलं दिसतं तेव्हा शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं असतं.

पाहुणे बेसमेंटमध्ये फराळाला गेले. स्वयंपाकघरात देवदत्त कार्ड पुन्हा पाकिटात घालत होता, रेणू चकल्यांचा डबा उघडत होती. नेत्रा भिंग घेऊन आली.

"बाबा, मी बघू?"

"हात नको लावू."

"नाही लावत. तूच बघ. खालचं नाव बघ."

त्याने भिंगातून पाहिलं. "हं. नाव आहे."

"सलग आहे की डॉट्स आहेत?"

तो आणखी खाली वाकला. "डॉट्स आहेत," तो शेवटी म्हणाला. "प्रिंटिंग म्हटल्यावर डॉट्स असणारच ना."

"जुन्यात नसतात. आणि जुना पुठ्ठा पाणी पितो, बाबा. मम्मीने लावलेलं कुंकू राहायला पाहिजे होतं."

"तुला कोणी सांगितलं हे?"

"वायगंट मॅमनी. तू तिथेच होतास."

"त्या बाई काय, काहीही सांगतील."

तो बाहेर जाऊन चौरंगावरचा लॅपटॉप घेऊन आला. त्यावर रेणूने लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. उभ्याउभ्याच त्याने टाइप केलं, वाचलं, पुन्हा वाचलं. चेहरा उतरत गेला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "नेटवर पण हेच आहे. सलग शाई, उघडा पुठ्ठा, सगळं."

पोरीने सांगितलं तेव्हा ते काहीही होतं. पडद्यावर आलं की खरं झालं. मी चकली तोंडात घातली, म्हणजे बोलायला नको.

"बाबा," नेत्राने विचारलं, "त्याच्या खाली कुणाचं नाव आहे?"

देवदत्तने खाली सरकवलं. आणखी खाली सरकवलं. एका बाजूला गाडीच्या विम्याची जाहिरात हलत होती. "नाव नाहीये," तो म्हणाला.

"ते माझं भाषण होतं."

रेणूने डबा बंद केला. "देव," ती शांतपणे म्हणाली, "तिची पाच मिनिटं तिला परत दे. आणि मला विचारशील तर टिळ्याबद्दल मला थँक यू म्हण. स्टेजवर ग्राफ दाखवून झाल्यावर कुणी ओळखलं असतं तर?"

मी इथे लिहू शकले असते की देवदत्तला पश्चात्ताप झाला. झाला नाही. पाच मिनिटं त्याने परत दिली कारण त्याच्याकडे दाखवायला कार्डच उरलं नव्हतं. फोनवर तो समितीला म्हणाला, "मुलांना एन्करेज केलं पाहिजे ना."

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. नेत्राचा नंबर सहावा होता. दिवा, लस, दोन विमानं आणि एक टेलिफोन होऊन गेले होते, आणि मागे जेवणाच्या ट्रेवरचं फॉइल काढायला सुरुवात झाली होती. देवदत्त पहिल्या रांगेत, पायांकडे बघत. त्याला अजून भीती होती की पोरगी आता सगळं सांगणार.

तिने कार्डाचा उल्लेखही केला नाही. तिने ल्योना प्रुएटबद्दल सांगितलं, दाताच्या डॉक्टर स्टिबिन्सबद्दल सांगितलं, कापताना चुकलेल्या कार्डांबद्दल सांगितलं. "आपण म्हणतो, नेटवर असतं," ती म्हणाली. "पण नेटवर आधी काहीच नव्हतं. या माणसांनी शोधलं आणि दुसऱ्यांनी नाव काढून ठेवून दिलं. म्हणून मी आज नावं परत लावते." आणि तिने तिन्ही नावं, पूर्ण, सावकाश म्हटली, माझ्याकडे शिकलेल्या 'ळ'सारखी, जीभ नीट वळवून. टाळ्या बेताच्याच पडल्या. लोक ताटं घ्यायला उठले होते.

मागून मंडळाचे मोरेश्वरराव ओरडले, "अगं, बाबाचं ते फेमस कार्ड नाही दाखवलंस?"

देवदत्तने मान आणखी खाली घातली.

"ते घरी आहे," नेत्रा माइकमधून म्हणाली. "मम्मीने त्याची पूजा केलीय. आता ते विकायचं नाही."

जेवणाच्या रांगेत मी देवदत्तच्या मागे होते. त्याच्यापुढे मोरेश्वरराव. त्यांनाही आता कार्डं होणार अशी लक्षणं दिसत होती. लिलावात एक बघून ठेवलंय म्हणत होते. देवदत्त एकदम जाणकार झाला. "घाई करू नका. आधी भिंगाने नाव बघा. ठिपके दिसले की सोडून द्या. आणि पुठ्ठ्याला चमक आहे का बघा. फार रीप्रिंट आहेत बाजारात." सांगण्याची ढब अशी, जणू आयुष्य छापखान्यात गेलं.

"वा," मोरेश्वरराव म्हणाले. "हे कुठून कळलं तुला?"

"अहो, हे सगळं नेट—"

तो थांबला. नेत्रा शेजारी पापडांच्या टोपलीपाशी उभी होती. हातात पापड होता, पण ती खात नव्हती. ती बापाकडे बघत होती, रागाने नाही. मुलं गणिताचं उत्तर चुकतंय की बरोबर येतंय हे बघतात, तशी.

"वायमन म्हणून एक बाई आहेत," देवदत्त म्हणाला. "इथेच कोलंबसला. त्यांनी शोधलंय. म्हणजे त्यांनी आणि आणखी दोघांनी."

"वायगंट," नेत्रा म्हणाली, आणि पापड मोडला. "बाबा, रविवारी त्यांचं भिंग परत करायचंय. तू येतोस ना? त्यांनी विचारलंय, लोक काय म्हणाले."

"येतो," तो म्हणाला. मग वाढप्याकडे ताट पुढे करून, "श्रीखंड थोडं जास्त."

आडनाव त्याने चुकीचं घेतलं. पण घेतलं. पहिल्या इयत्तेला मी एवढ्यावर पास करते.